चादरी मोजणाऱ्या मावशी

शालिनी पॅलेस हॉटेलात मी नोकरीला होते असं कळलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. कुठले नट बघितले, आणि राजवाडा आतनं कसा होता. नट पुढच्या दारानं यायचे आणि मी मागच्या, त्यामुळं त्यांचं मला फारसं सांगता येत नाही. राजवाड्याचं सांगता येतं, पण तेही पडदे, चादरी, टॉवेल आणि नॅपकिनांच्या मापात. मी लिनन रूममध्ये होते. आज लिहायला बसले आहे ते मला हे काम शिकवणाऱ्या मावशींबद्दल. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना जे येत होतं ते कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, आणि ते असंच विरून जावं हे मला पटत नाही.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून. सगळं हॉटेल त्यांना मावशीच म्हणायचं, साहेबांपासून माळ्यापर्यंत.

वास्तू कोल्हापूरकरांना माहीतच आहे, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. रंकाळ्याच्या काठावरचा हा राजवाडा 1931 ते 1934 या काळात बांधला गेला, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत. राजकन्या शालिनीराजे यांच्या नावावरनं त्याचं नाव शालिनी पॅलेस. त्या काळी आठ लाखांच्या घरात खर्च आला म्हणतात. काळ्या दगडाच्या मोठमोठ्या कमानी, इटालियन संगमरवर, घड्याळाचा मनोरा, आणि दारांच्या बेल्जियम काचेवर कोरलेलं कोल्हापूर संस्थानचं राजचिन्ह. 1987 साली तिथं हॉटेल सुरू झालं. पाहुणा आला की आधी त्या काचेसमोर थबकायचा. आम्ही मात्र दाराची उंची बघायचो, कारण राजवाड्याच्या दाराला बाजारातला तयार पडदा पुरत नाही. पडदा उतरवायचा म्हणजे शिडीवर एक माणूस, खाली झेलायला दोघं, आणि धुऊन परत चढवला की खालची दुमड जमिनीपासून बोटभर वर राहिली पाहिजे. राहिली नाही तर टाके उसवा, परत घाला. पडदा आटतो, दार आटत नाही.

हॉटेल सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा मी लागले. बारावी झाली होती, शिवणक्लास झाला होता, घरात पायांचं मशीन होतं. माहेर शिवाजी पेठेत. आई धुणं घेऊन रंकाळ्याजवळच्या धुण्याच्या चावीवर जायची, तिच्याबरोबर मीही जायची. त्यामुळं कपडा म्हणजे काय हे मला थोडंफार कळत होतं असा माझा समज होता. हॉटेलात शिवणकाम येणारी मुलगी पाहिजे असं कुणीतरी सांगत आलं आणि घरात वादळ झालं. त्या काळात पोरगी हॉटेलात कामाला जाते म्हटल्यावर सोयरीक मोडायची वेळ. वडिलांनी ऐकूनच घेतलं नाही.

मग एका संध्याकाळी मावशी स्वतः घरी आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. सोप्यात बसल्या, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, तुमची लेक पाव्हण्यांसमोर जायची न्हाय. ती कापडासमोर बसणार. अंधार पडायच्या आत मी तिला दारात आणून सोडतो. माझ्या लेकी असत्या तर त्यास्नी बी मी हितंच आणलं असतं." आमच्याकडं बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी आईकडं बघितलं, आईनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले.

लिनन रूम मागच्या बाजूला होती. छतापर्यंत लाकडी फळ्या, मधे एक लांब टेबल, खिडकीशी दोन मशीनं आणि दाराला अर्धी फळी. त्या फळीवरनं सगळा व्यवहार चालायचा. रूमबॉय मळलेला गठ्ठा आणून टाकणार, मावशी मोजणार, जितकं आलं तितकंच धुतलेलं पलीकडं जाणार. चार चादरी आल्या तर चार जाणार. साडेतीन नाही, पाच नाही. "पाव्हणे खोळंबल्यात मावशी, एक जास्ती द्या की," असं कुणी म्हटलं की त्या वर न बघता म्हणायच्या, "पाव्हण्याला दे, पर चिठ्ठी हितं ठेव." चिठ्ठीवर सही केल्याशिवाय एक नॅपकिनसुद्धा हलत नसे. साहेबांनी मागितला तरी.

सुरुवातीला मला हा हट्ट वाटला. नंतर त्यांनी एका दुपारी टेबलावर सगळं मांडून दाखवलं. एका पलंगामागं चार जोड लागतात. एक पलंगावर, एक धुण्यात, एक फळीवर आणि एक अडीनडीला. हॉटेलात त्याला पार म्हणतात. चारातला एक जोड जरी कुठं अडकला, कुणी माळ्यावर कोंबला, कुणी स्वयंपाकघरात नेला, की फळीवरचा जोड आजच वापरावा लागतो. मग तो विश्रांती न घेता परत धुण्यात. मावशी हा शब्द वापरायच्या, विश्रांती. सुती कापड धुऊन, इस्त्री होऊन आलं की किमान एक दिवस फळीवर पडून राहिलं पाहिजे. गरम गरम परत अंथरलं, परत धुतलं, असं रोज केलं की सूत लवकर खचतं. म्हणून ताजं धुतलेलं नेहमी गठ्ठ्याच्या खाली जायचं आणि वरचं आधी निघायचं. तसं नाही केलं तर वरच्या त्याच दहा चादरी सारख्या झिजत राहतात आणि खालच्या नव्याच्या नव्या पिवळ्या पडतात.

गठ्ठा दहाचा. घडीची बंद बाजू बाहेर, सुटी बाजू आत. मावशी दारात उभ्या राहून नुसत्या नजरेनं फळी मोजायच्या. घडी उलटी लावली की त्यांची नजर अडखळायची आणि मग मला सगळी फळी उतरवून परत लावावी लागायची.

त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश. रजिस्टर मी लिहायची. त्यांचं वाचन बोटांत होतं. चादर हातात आली की काठ अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा सरकवायच्या आणि सांगायच्या, ही पुढच्या महिन्यात मधोमध फाटणार. मग खिडकीशी धरायच्या. मधला भाग, जिथं माणूस झोपतो, तिथं उजेड जास्त यायचा. काठाशी कमी. तिथं अजून भोक नसायचं, पण सूत बारीक झालेलं दिसायचं. अशी चादर त्या त्याच दिवशी बाजूला काढायच्या. मी एकदा म्हटलं, अजून महिनाभर चालली असती की. त्यावर त्या म्हणाल्या, "फाटली की चिंध्या. आज काढली तर अजून चार कामं करील."

आणि खरंच करायची. मधला झिजलेला पट्टा काढून टाकायचा. दोन्ही कडांना धड कापड उरतं, त्याचे उशीचे अभ्रे व्हायचे. अभ्रे झिजले की ट्रेवर घालायचे रुमाल. तेही गेले की डस्टर. डस्टर तीन प्रकारचे, प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा, म्हणजे न्हाणीघरातला डस्टर काचेला लागू नये. नव्या चादरीच्या दुमडीत मावशी महिना आणि वर्ष रंगीत दोऱ्यानं टाचून घ्यायच्या. चादर बाद करताना ती खूण वाचायची आणि रजिस्टरात लिहायची. त्यावरनं कुठल्या व्यापाऱ्याचं कापड किती टिकलं हे कळायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हॉटेलच्या कोर्सात असलं काही शिकवतात हे मला फार नंतर कळलं, तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

डस्टरवरनं आठवलं. कुठल्याही हॉटेलात नॅपकिनांचा काळ म्हणजे स्वयंपाकघर. घाईच्या वेळी हाताला जे लागेल त्यानं माणूस ताटाची कड पुसतो, गरम भांडं धरतो, आणि पांढराशुभ्र नॅपकिन एका रात्रीत कामातनं जातो. त्यावर दंड लावा, ओरडा, काही उपयोग होत नाही, कारण त्या माणसाला त्या क्षणी फडकं पाहिजे असतं. मावशींनी कधी ओरडा केला नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या गर्दीच्या आधी त्या जुन्या चादरींच्या फडक्यांचा मोठा ढीग स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवायच्या, मागितल्याच्या दुप्पट. "त्यास्नी हाताशी मिळालं की ती पोरं आपल्या नॅपकिनला कशाला हात लावतील?" माणसाला नियमापेक्षा फडकं लवकर सापडलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या लोकांना मी याच गोष्टीवर डोकं आपटताना बघितलं आहे.

कापड आमच्या शेजारीच मिळायचं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि मग ते गाव मागांचंच झालं. टॉवेल सोलापूरचे. व्यापारी नमुना घेऊन आला की मावशी भाव विचारायच्याच नाहीत. तुकडा ठेवून घ्यायच्या, त्यावर शाईनं हातभर रेघ मारायच्या, तीनदा धुवायला लावायच्या आणि रेघ परत मोजायच्या. जितकी आटली तितकं कापड चादरीत जास्तीचं पाहिजे, तरच ती गादीखाली नीट खोचता येते. नव्या कापडाला भरपूर खळ मारलेली असते, त्यामुळं दुकानात ते जाडजूड, घट्ट लागतं. पहिल्या धुण्यात खळ गेली की खरं कापड हातात येतं. व्यापारी हसत म्हणायचा, "मावशी, तुम्ही माझं लगीन मोडाया बसलाय." त्या पण हसायच्या आणि तुकडा बादलीत टाकायच्या. टॉवेलाचं गणित वेगळं. त्याला खळ नाही, इस्त्री नाही, कारण चपटा झाला की पाणी टिपत नाही. एखादा धागा वर आला तर ओढायचा नाही, कात्रीनं कापायचा. ओढला की पुढची सगळी ओळ सुटत येते.

आता डागांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तेच. कोल्हापूरच्या हॉटेलातले डाग कोल्हापूरचे असतात. तांबडा रस्सा टेबलाच्या कापडावर सांडला की त्यात तीन गोष्टी असतात: तेल, मिरचीचा रंग आणि हळद. नवा माणूस सरळ साबण लावतो आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक होतो. घाबरून तो अजून घासतो. हळदीला साबण लागला, सोडा लागला की ती लाल होणारच. त्यात घाबरायचं काही नाही, धुतल्यावर परत पिवळी होते. मावशींची रीत अशी: आधी कोरड्या खडूची पूड दाबून तेल शोषून घ्यायचं, झटकायचं, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, आणि पिवळा राहिला तर ओलंच उन्हात टाकायचं. हळद उन्हाला टिकत नाही. दुपारच्या दोन-तीन तासांत डाग फिका होत होत जातो. ब्लीचिंगनं झटपट काम होतं, पण सूत कच्चं पडतं, आणि मावशींना ते चालत नसे.

रक्ताला गार पाणी. गरम पाणी घातलंत तर डाग पक्का बसला समजा. लोखंडाच्या गंजाला लिंबू, मीठ आणि ऊन. पानाच्या पिचकारीला आंबट ताक, रात्रभर. लग्नसराईत मेंदी. नवरीच्या मैत्रिणी ओल्या मेंदीच्या हातानं उशीवर डोकं ठेवून झोपणार, हे ठरलेलंच. त्यासाठी कोमट दूध. दूध स्वयंपाकघरातनं चिठ्ठीवर यायचं आणि रजिस्टरात "मेंदी, दूध 1 लिटर" अशी नोंद मीच केलेली आहे.

पण सगळ्यात कठीण गुलाल. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. वाडी रत्नागिरीचा डोंगर त्या दिवशी गुलाबी झालेला असतो, आणि डोंगरावरनं उतरलेली माणसं पण. दर्शन घेऊन आलेला पाहुणा खोलीत जातो, थकलेला असतो, तसाच पलंगावर बसतो. अंघोळ करतो, पांढऱ्या टॉवेलानं केस पुसतो. त्यात त्याचा काही दोष नाही. देवाचा गुलाल आहे, अंगावरनं लगेच झटकावासाही वाटत नाही.

पहिल्या वर्षी असा गठ्ठा आला तेव्हा मी टॉवेल उचलून पाण्याच्या टबाकडं निघाले होते. मावशींनी माझं मनगट धरलं. आयुष्यात त्यांनी मला हात लावून थांबवलं ते तेवढंच. "पाणी न्हाय. गुलाल कोरडा हाय तवर तो पाव्हणा. पाणी लागलं की घरजावई." मग मागच्या अंगणात गठ्ठा नेला. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. वाऱ्याकडं पाठ करून झटकायचं. आधी सावकाश, मग जोरात. मग टॉवेल दोरीवर टाकून मऊ ब्रशनं एकाच दिशेनं, वरनं खाली. गोल फिरवायचा नाही, गोल फिरवला की पूड धाग्याच्या पोटात जाते. उरलेला रंग निघेपर्यंत ब्रश कोरड्या फडक्याला पुसत राहायचं. हे सगळं झाल्यावर एकदम भरपूर गार पाणी, थोडंथोडं नाही. भरपूर पाण्यात रंग वाहून जातो, थोड्या पाण्यात पसरतो. तासाभरानं आमच्या दोघींच्या भुवया, हात, लुगडं सगळं गुलाबी. जिना उतरून आलेल्या एका रूमबॉयनं बघितलं आणि ओरडला, "चांगभलं!" मावशींनी हात जोडले आणि परत ब्रश घेतला.

पावसाळा ही वेगळीच परीक्षा होती. कोल्हापूरचा आषाढ ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. गगनबावड्याच्या बाजूनं ढग यायला लागले की मावशी दोऱ्यांकडं धावायच्या. ऊन दिसतच नाही, हवेत पाणी भरलेलं, रंकाळा शेजारी. पिळून काढलेली चादर दिवसभर दोरीवर टांगली तरी संध्याकाळी हाताला गारच लागते. मग तिला कुबट वास येतो. आणि चादरीला वास आला की पाहुणा दुसरं काही बघत नाही. खाली संगमरवर आहे, दारावर राजचिन्ह आहे, त्याला काही किंमत उरत नाही.

तेव्हा आमचा देव म्हणजे बॉयलरचे मामा. बॉयलरच्या शेजारची खोली उबदार असायची. पावसाळाभर तिथं दोऱ्या बांधायच्या. पण धूर-काजळीची भीती. एक काळा ठिपका पडला की चादर परत पहिल्यापासून. म्हणून बाद झालेल्या चादरींचा आडोसा शिवून बॉयलरच्या बाजूला टांगायचो, काजळी त्या अंगावर घ्यायच्या. मामा वारा बघून सांगायचे. वारा तळ्याकडनं असेल तर धूर परत आत दबतो, त्या वेळी दोऱ्या मोकळ्या. वारा फिरला की मामांची हाक यायची, "आणा गं तुमची वरात!" आणि आम्ही गठ्ठे घेऊन धावायचो. मामा रात्रपाळीला असले की स्वतः उठून चादरी उलटून टाकायचे. त्यांच्या कामात ते बसत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

टेबलाच्या कापडांना मात्र अर्धवट ओल चालते. उलट पाहिजेच असते. खळ दिलेलं कापड कोरडं ठक्क झालं की इस्त्रीत त्याला चुण्या पडतात, दमट असताना फिरवली तर आरशासारखं होतं. मावशींची खळ पातळ. वाढप्यांना नॅपकिनाचे पंखे, टोप्या करायच्या असतात, त्यांना कडक नॅपकिन आवडतो. पण फार खळ दिली तर तोंड पुसताना तो नुसता सरकतो, टिपत काहीच नाही. "पाव्हणा नॅपकिन बघायला आलाय का तोंड पुसायला?" यावर वाढप्यांची आणि त्यांची रोजची जुंपायची आणि रोज मावशी जिंकायच्या.

दारवानाचा फेटाही आमच्याचकडं. आठ-नऊ मीटर कापड, धुऊन, हलकी खळ देऊन, दमट असतानाच लांबीत दुमडून ठेवायचं. दारवान बदलीवर असला की नव्या पोराला फेटा बांधता येत नसे. तो फळीशी येऊन मान खाली घालून उभा राहायचा आणि मावशी स्टुलावर चढून बांधून द्यायच्या. तुरा नीट बसला का हे मागं सरून बघायच्या, मग पाठीवर थाप.

पाहुण्यांचे कपडे ही जबाबदारी मला सगळ्यात जड वाटायची. चादर हॉटेलची, फाटली तर हिशोबात. पाहुण्याचा शर्ट त्याचा. प्रत्येक कपड्याला खोलीच्या नंबराची चिंधी टाचायची, कापडाला भोक पडणार नाही अशी, शिवणीत. बटणं शिंपल्याची, काचेची, धातूची असतील तर धुण्याआधी काढून डब्यात ठेवायची आणि इस्त्री झाल्यावर त्याच जागी, त्याच रंगाच्या दोऱ्यानं परत लावायची. मूळचे टाके आडवे-उभे होते की समांतर, तेही बघून. पाहुण्याला कधी कळायचं नाही की त्याचं बटण काल त्याच्या शर्टावर नव्हतं. एका बाईंचा रेशमी झगा आला होता, कुठल्या देशाच्या होत्या आठवत नाही. त्याच्या आतल्या शिवणीत जुनं रफू होतं, इतकं बारीक की मावशींनी भिंग मागितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही बाई कोण असंल गं, जिनं हे केलं?" झगा घालणारीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

महिनाअखेरीला मोजणी. रात्री जेवणं आटोपली की सगळीकडं एकाच वेळी मोजायचं: खोल्या, मजल्यांवरची कपाटं, धुण्याचे गठ्ठे, जेवणाचा हॉल, फळ्या. मोजणी चालू असताना एक रुमालही जागचा हलवायचा नाही, नाही तर तो दोनदा मोजला जातो. त्या दिवशी मला उशीर व्हायचा आणि मावशी वडिलांना दिलेल्या शब्दाप्रमाणं स्वतः पेठेत घरापर्यंत यायच्या, मग परत आपल्या घरी. वडील दारात उभे असायचे. पहिले काही महिने नुसते बघायचे. पुढं पुढं आत हाक मारून चहा टाकायला सांगायला लागले.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा फळ्या माझ्याकडं आल्या. त्यानंतर टेरिकॉट मिसळलेल्या चादरी आल्या, लवकर वाळणाऱ्या, चुण्या न पडणाऱ्या. कामाच्या दृष्टीनं सोयीच्या, मी नावं ठेवणार नाही. पण त्या खिडकीशी धरून वाचता येत नाहीत. त्या मधोमध झिजत नाहीत, त्यांच्यावर बारीक गोळे येतात आणि एक दिवस त्या नुसत्या वाईट दिसायला लागतात. त्यांचे अभ्रेही चांगले होत नाहीत, डस्टर तर नाहीच, पाणी पीत नाहीत.

माझ्या भाच्यानं अंबाबाईच्या देवळाच्या जवळ यात्रेकरूंसाठी छोटं लॉज काढलं आहे. जोतिबा करून आलेले भाविक त्याच्याकडं उतरतात आणि गुलालाचे टॉवेल तो बादल्या भरभरून ब्लीचिंगमध्ये टाकत होता. त्याच्या पोरांना मी ब्रश कसा धरायचा ते दाखवून आले. वाऱ्याकडं पाठ, वरनं खाली, गोल नाही. त्यातल्या एकानं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, हे लिहा की कुठंतरी." म्हणून हे लिहिलं.

खळीचं प्रमाण, निळीची पोटली कशी बांधायची म्हणजे ठिपके पडत नाहीत, आणि पडद्याच्या चुण्यांना कापड किती धरायचं, हे इथं बसलं नाही. ते वेगळं लिहीन. बॉयलरच्या मामांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर कळवा. वाऱ्याच्या दिशा ते एका छोट्या डायरीत लिहायचे. ती असेल तर मला बघायची आहे.